स्पितीतले गोंपा : ही वाट आडवाट नव्हती तेव्हा

हिमाचल प्रदेशातली स्पिती आज जगाच्या टोकाला वाटते. ९९६ साली ताबोचा गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, उभा राहिला तेव्हा मात्र ती भर वाटेवर होती. एका बाजूला काश्मीर, दुसऱ्या बाजूला पश्चिम तिबेटातलं गुगेचं राज्य. गुगेचा राजा येशे ओ याला आपल्या मुलखात बौद्ध धर्माची घडी नव्याने बसवायची होती, आणि त्यासाठी लागणारी विद्या होती काश्मीरच्या विहारांत. त्याने एकवीस तरुण तिकडे शिकायला धाडले, त्यातले बहुतेक उष्म्याने नि आजारांनी दगावले आणि दोघंच परतले, असं परंपरा सांगते. त्या दोघांतले एक थोर भाषांतरकार रिंचेन झांगपो (९५८–१०५५).

काश्मिरी कलेचं ते देणं ताबोच्या मुख्य दालनात, दुखांगमध्ये, आजही दिसतं. आत फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. डोळे अंधाराला सरावले की भिंतींतून एकेक मूर्ती पुढे येऊ लागते. तिसाहून अधिक देवता, सगळ्या मातीच्या, आणि त्यांच्यात चारही दिशांना तोंड केलेला वैरोचन बुद्ध. एरवी कापडावर चितारलेलं मंडल, म्हणजे देवतांच्या जगाचा आराखडा, आपण बाहेरून पाहतो. इथे आपण वैरोचनाभोवती रचलेल्या ‘वज्रधातू’ मंडलाच्या आतच उभे असतो. स्थापनेनंतर ४६ वर्षांनी येशे ओच्या घराण्यातल्या जांगचुब ओने जीर्णोद्धार केला, हे तिथल्या शिलालेखसदृश भिंतलेखातच नोंदलेलं आहे.

ताबोला ‘हिमालयातलं अजिंठा’ म्हणतात. फरक एवढाच, की अजिंठा ओस पडलं आणि १८१९ मध्ये जगाला पुन्हा सापडलं. ताबोत हजार वर्षं पूजा चालूच आहे.

ताबो नदीकाठच्या सपाटीवर आहे, तर स्पितीतलेच ‘की’ आणि ‘धनकर’ हे गोंपा उंच सुळक्यांवर. पुढच्या शतकांत स्वाऱ्यांची धास्ती वाढली, म्हणून मठ डोंगरावर चढले. तरीही १८४१ मध्ये जम्मूच्या डोगरा फौजेने ‘की’ गोंपा लुटलाच. १९७५ च्या किन्नौर भूकंपानेही ताबोची पडझड केली. १९८३ मध्ये तिथे नवा दुखांग झाला.

स्पिती खरी आडबाजूला पडली ती १९६२ च्या भारत-चीन युद्धानंतर. तिबेटशी चालणारा व्यापार थांबला, आणि परदेशी प्रवाशांना तर १९९० च्या दशकापर्यंत इथे येताच येत नव्हतं. आता किन्नौरकडून ताबोच्या दारापर्यंत गाडी जाते. माझ्या मते गर्दीइतकीच काळजी पावसाची करायला हवी. ही कच्च्या विटांची, मातीच्या सपाट छपरांची बांधणी कोरड्या हवेच्या भरवशावर टिकली आहे. अवेळी मोठा पाऊस झाला की छप्पर झिरपतं, आणि ओघळ थेट अकराव्या शतकातल्या चित्रांवर उतरतात.