दाहक आंत्ररोगावरील जीवाणू-उपचारांच्या चाचण्या

अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स या दोन दीर्घकालीन विकारांना मिळून दाहक आंत्ररोग म्हणतात. या रुग्णांच्या आतड्यातील जीवाणूंची विविधता घटलेली आढळते. ती भरून काढल्यास दाह ओसरतो का, हे प्रोबायोटिक म्हणजे उपयुक्त जिवंत जीवाणू असलेली औषधे आणि निरोगी दात्याच्या विष्ठेतील जीवाणूंचे प्रत्यारोपण यांच्या चाचण्यांतून तपासले जाते.

कोलायटिस अधूनमधून आपोआप शमतो व पुन्हा उसळतो. त्यामुळे तुलनेसाठी दुसरा गट नसेल, तर रुग्णाला आलेला आराम उपचाराचा की आजाराच्या स्वाभाविक चढउताराचा, हे सांगता येत नाही. कॅनडातील हॅमिल्टन येथे ७५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१५) दर आठवड्याला बस्तीद्वारे (गुदमार्गे द्रव सोडून) प्रत्यारोपण केलेल्यांपैकी २४ टक्के, तर नुसत्या पाण्याचा बस्ती दिलेल्यांपैकी ५ टक्के रुग्णांचा आजार सातव्या आठवड्यात शमलेला होता. विशेष म्हणजे, प्रत्यारोपणानंतर बऱ्या झालेल्या ९ जणांपैकी ७ जणांना एकाच दात्याचे जीवाणू मिळाले होते. दात्याची निवड हाच या उपचाराचा सर्वांत कमी उलगडलेला भाग आहे. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे नाकातून लहान आतड्यापर्यंत घातलेल्या नळीने प्रत्यारोपण करून झालेल्या चाचणीत मात्र दोन गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. क्रोन्सबाबतचा पुरावा याहून तोकडा आहे.

२०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून आलेल्या औषधरोधक ई. कोलाय जीवाणूमुळे प्रतिकारशक्ती खालावलेला एक रुग्ण दगावला. तपासणी न केलेल्या दात्याकडून घरच्या घरी असे प्रयोग करणे म्हणूनच घातक आहे.

भारतात लुधियाना आणि दिल्लीच्या एम्समध्ये यावर काम झाले आहे. नागपुरात, मेडिकलचे (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे) सुपर स्पेशालिटी रुग्णालय असो वा मिहानमधील एम्स, अशी चाचणी घ्यायची तर पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी नैतिकता समितीची संमती आणि राष्ट्रीय चाचणी नोंदवहीत नोंदणी अनिवार्य ठरते. क्रोन्सचा रुग्ण निवडताना आतड्याचा क्षयरोग नाही, याची दुर्बिणीच्या तपासणीने व आतड्याच्या काढलेल्या तुकड्याच्या परीक्षणाने (बायॉप्सी) खात्री करावी लागते, कारण दोहोंची लक्षणे फार सारखी असतात. आहाराने जीवाणू बदलत असल्याने वरण, ज्वारीची भाकरी, सावजी रस्सा अशा जेवणाची नोंदही दोन्ही गटांत काटेकोरपणे ठेवायला हवी. काही प्रोबायोटिक औषधे २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात आणि नागपूरचा मे महिना ४५ अंशांपर्यंत तापतो. म्हणून जिवंत जीवाणूंची संख्या कारखान्यातून निघताना नव्हे, तर रुग्णाच्या हाती पडताना मोजली गेली पाहिजे.