श्वानदंश : मालकाचे दायित्व व विशिष्ट जातींवरील बंदी (कोल्हापूर)

श्वानदंश : कुत्र्याच्या चाव्यामुळे माणसाला किंवा जनावराला होणारी इजा. प्रस्तुत नोंदीत कोल्हापूर शहर व परिसर समोर ठेवून मुख्यतः दोन प्रश्नांचा विचार केला आहे : पाळीव कुत्रा चावल्यास मालक कितपत जबाबदार, आणि काही जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालणे कितपत योग्य. (चाव्यातून होणाऱ्या रेबीज या रोगाच्या माहितीसाठी पहा : अलर्क रोग.)

कोल्हापुरात मळ्यावर राखणीला गावठी कुत्रे, धनगरांच्या वाड्याबरोबर फिरणारी कुत्री, पेठांमधून पोमेरेनियन व लॅब्रॅडॉर, आणि नव्या वसाहतींतील बंगल्यांवर जर्मन शेफर्ड, रॉटवायलर किंवा पिटबुल असे सर्व प्रकार आढळतात. कर्नाटकातील मुधोळचा सडपातळ शिकारी कुत्राही (कारवान) या भागाला परका नाही. मळ्यावरचा कुत्रा दिवसा बांधायचा आणि रात्री सोडायचा, ही सर्वत्र रूढ रीत आहे.

दायित्वाची परंपरा : चावऱ्या कुत्र्याच्या मालकाला दंड सांगणाऱ्या सर्वांत जुन्या लेखी नियमांपैकी एक मेसोपोटेमियातील एश्नुन्ना या नगरराज्याच्या कायद्यात सापडतो. या कायद्याच्या मृत्तिका-पाट्या बगदादजवळील तेल हर्मल येथे १९४५ व १९४७ मध्ये मिळाल्या. आरंभी त्यांचा संबंध बिलालामा या राजाशी जोडून त्यांचा काळ इ. स. पू. विसाव्या शतकाच्या आसपास धरला जात असे. आता मात्र दादुशा राजाच्या काळाकडे, म्हणजे इ. स. पू. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धाकडे, बहुतेकांचा कल आहे. कुत्रा चावरा असल्याची सूचना अधिकाऱ्यांनी देऊनही मालकाने त्याला आवरले नाही आणि माणूस दगावला, तर मालकाने ४० शेकेल (वजनाचे प्राचीन माप) चांदी द्यावी. मेलेला गुलाम असेल तर १५ शेकेल. मारक्या बैलाबाबतही हाच दर आहे. येथे दंडाचा आधार आधी मिळालेली सूचना हा आहे, ही बाब ध्यानात ठेवावी.

भारतीय धर्मशास्त्रात आधार निराळा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात (न्यायव्यवहाराच्या प्रकरणात) ‘शक्तोऽप्यमोक्षयन् स्वामी दंष्ट्रिणां शृङ्गिणां तथा’ असे वचन आहे. दाढा किंवा शिंगे असलेल्या आपल्या जनावराच्या तावडीतून माणसाला सोडवणे शक्य असूनही मालक सोडवत नसेल, तर त्याला प्रथम साहसाचा, म्हणजे सर्वांत खालच्या श्रेणीचा, दंड. त्या माणसाने हाक मारूनही सोडवले नाही, तर दुप्पट. कौटिलीय अर्थशास्त्रात जवळजवळ याच शब्दांत हा नियम येतो. याज्ञवल्क्यस्मृतीचा काळ धर्मशास्त्राचे अभ्यासक पां. वा. काणे यांनी इ. स. पू. १०० ते इ. स. ३०० असा ऐसपैस धरला होता. संस्कृतचे अभ्यासक पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी तो गुप्तकाळापर्यंत, चौथ्या-पाचव्या शतकांच्या संधीपर्यंत, खाली आणला. लेखी पुराव्याला या स्मृतीने दिलेले स्थान पाहता हे मत अधिक पटण्यासारखे आहे. अर्थशास्त्रातील नियम आधीचा आणि स्मृतीतील त्यावरून बेतलेला, असा क्रमही मग सहज लागतो. या स्मृतीवरील विज्ञानेश्वरांची मिताक्षरा ही टीका अकराव्या शतकाच्या अखेरीस किंवा बाराव्याच्या आरंभी कल्याणीच्या चालुक्य दरबारात लिहिली गेली. कोल्हापूरचे शिलाहार तेव्हा याच चालुक्यांचे मांडलिक होते. पुढे वारशाच्या बाबतीत या प्रदेशात मिताक्षरेचा शब्द प्रमाण ठरला. दाढाळ जनावरांचा श्लोक मात्र अभ्यासकांपुरताच उरला.

इंग्रजी कायद्याने पुन्हा पूर्वसूचनेचाच मार्ग धरला. आपला कुत्रा अंगावर जातो हे मालकाला ठाऊक होते की नाही, यावर तेथे भरपाई अवलंबून असे. भारतीय दंडसंहितेच्या कलम २८९ मध्ये जाणीवपूर्वकतेबरोबर निष्काळजीपणाही आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हेच कलम २९१ झाले. शिक्षा पूर्वीप्रमाणेच सहा महिन्यांपर्यंत कैद. दंडाची मर्यादा मात्र १,००० रुपयांवरून ५,००० रुपये झाली. कलमात ‘मालक’ असा शब्द नसून जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावर जबाबदारी टाकली आहे. त्यामुळे धनी पुण्यात आणि कुत्रा मळ्यावरच्या गड्याच्या हाती, अशा नेहमीच्या परिस्थितीत गडीच पहिला अडकतो. नुकसानभरपाईसाठी दिवाणी दावा वेगळा करावा लागतो आणि तो सहसा कोणी करत नाही. दवाखान्याचा खर्च देऊन गल्लीतच मिटवामिटवी होते. अंगावर जाणारा कुत्रा मुसके न घालता रस्त्यावर सोडण्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमातही मनाई आहे.  महानगरपालिका अधिनियमात कुत्र्यांवर कर बसवण्याची मुभा आहे.

जातींवरील बंदी : केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून २३ जातींची आयात, पैदास व विक्री थांबवण्यास आणि आधीच पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करण्यास सांगितले. यादीत पिटबुल टेरियर, रॉटवायलर, डोगो अर्जेंटिनो, केन कोर्सो, कांगल इत्यादी होते. यादी घाईची होती. ‘तोसा इनू’ आणि ‘जपानी तोसा’ या एकाच जातीला तीत दोन जागा मिळाल्या, तर ‘मॅस्टिफ’ आणि ‘टेरियर’ ही अख्खी कुळेच्या कुळे आली. शब्दशः घेतल्यास मांडीवर बसणारा यॉर्कशायर टेरियरही हिंस्र ठरतो. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल २०२४ रोजी हे पत्रक रद्द केले, संबंधितांचे म्हणणे ऐकले नाही हे त्यामागील एक कारण. त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयापुढेही ते टिकले नाही. कागल ओलांडताच कर्नाटकाची हद्द लागत असल्याने सीमेवरच्या पैदासकारांत या निकालाची चर्चा साहजिकच अधिक झाली.

मूळ अडचण जात ठरवण्याची आहे, आणि पिटबुल हे तिचे ठळक उदाहरण. ब्रिटनमध्ये बैलांवर कुत्रे सोडण्याचा खेळ १८३५ मध्ये बेकायदा ठरल्यावर बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून कुत्र्यांच्या झुंजींसाठी ही कुत्री तयार झाली, असे सामान्यतः मानतात. जुना बुलडॉगच हळूहळू हलका होत गेला, टेरियरचा अंश नाममात्र, असेही एक मत आहे. पण ते मागे पडलेले दिसते. अमेरिकेत युनायटेड केनेल क्लब या श्वानजातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेने १८९८ मध्ये ‘अमेरिकन पिटबुल टेरियर’ची नोंद सुरू केली. अमेरिकन केनेल क्लबने १९३६ मध्ये त्याच रक्ताच्या कुत्र्यांना ‘स्टॅफर्डशायर टेरियर’ म्हणून स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्याआधी ‘अमेरिकन’ जोडले. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने (एफसीआय) पिटबुलला मान्यता दिलेली नाही. म्हणजे एकाच आईची पिल्ले कागदावर दोन जातींची असू शकतात. ब्रिटनने १९९१ च्या कायद्यात म्हणूनच वंशावळीऐवजी बाह्य ठेवण प्रमाण मानली. चार प्रकारांवर बंदी घातली आणि २०२३ च्या अखेरीस एक्सएल बुली हा पाचवा वाढवला. नेदरलँड्सने १९९३ ची पिटबुलबंदी २००८ मध्ये मागे घेतली.

१८,००० हून अधिक कुत्र्यांच्या माहितीवर आधारलेल्या, २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनानुसार एकेका कुत्र्याच्या वर्तनातील फरकापैकी सरासरी सुमारे ९ टक्केच जातीने उलगडतो. बंदीवाद्यांचे उत्तर असे की, प्रश्न किती कुत्रे चावतात याचा नसून चावल्यावर काय उरते याचा आहे. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु त्यातून वजन, जबडा व बांधण्याची सोय यांवर नियम निघतात, जातीच्या नावावर नव्हे. तरीही जातीच्या नावावरच बोट ठेवून गाझियाबाद महापालिकेने २०२२ मध्ये पिटबुल, रॉटवायलर व डोगो अर्जेंटिनो पाळण्यास मनाई केली होती.

मोकाट कुत्री : येथे मालकच नसल्याने वरील चर्चा लागू पडत नाही. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे निर्बीजीकरण व लसीकरण करून कुत्रे पकडलेल्या जागीच सोडायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी पिसाळलेली व आक्रमक कुत्री यातून वगळली; ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके व क्रीडासंकुले यांच्या आवारातून हटवलेली कुत्री परत तेथे सोडण्यास मनाई केली.

चाव्यानंतर : जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुणे हा पहिला उपाय. चुना, हळद किंवा मिरचीपूड भरण्याची गावठी चाल घातक आहे. पोटात घ्याव्या लागणाऱ्या चौदा इंजेक्शनांची धास्ती अजून ऐकू येते. ती मेंदूच्या ऊतीपासून बनवलेली सेंपल लस २००४ च्या अखेरीस भारतात बंद झाली. आता त्वचेत लस दिल्यास ०, ३, ७ व २८ व्या दिवशी, स्नायूत दिल्यास याशिवाय १४ व्या दिवशीही घ्यावी लागते. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय (सीपीआर) हे जिल्ह्यातील मुख्य शासकीय रुग्णालय होय. खोल किंवा रक्त आलेल्या जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडे) टोचतात. चावलेला कुत्रा पाळीव असेल तर त्याला मारू किंवा दूर सोडू नये. दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवावे. तो त्या मुदतीत धडधाकट राहिला, तर चावतेवेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे धरतात. मात्र लस सुरू करण्यासाठी ही मुदत संपण्याची वाट पाहायची नसते.