‘जलदूत’ ही पाण्याची पहिली रेल्वे नव्हती

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेली ‘जलदूत’ ही देशातील पाण्याची पहिलीच रेल्वे होती, असे मराठवाड्यात आजही छातीठोकपणे सांगितले जाते. ते खरे नाही. पाणवठ्यांवर जमावबंदी लावावी लागली, इतके लातूरकरांचे त्या उन्हाळ्यात हाल झाले आणि ते विसरता कामा नयेत, पण ‘पहिली’ हा शब्द चुकीचा आहे. १९८६ च्या दुष्काळात राजकोटलाही रेल्वेने पाणी पोहोचवले होते आणि या उपायाचे मूळ त्याहून कितीतरी जुने, थेट मुंबईत सापडते.

समुद्राने वेढलेले ते बंदर पिण्याच्या पाण्यासाठी विहिरी आणि तळ्यांवरच विसंबून होते. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावू लागली आणि पुढच्या काही वर्षांतच पावसाने दगा दिल्याने विहिरींनी तळ गाठला. तेव्हा सरकारने शहरातील गुरे माहीमकडे हलवली आणि रेल्वेने व होड्यांनी पाणी आणून ते बोरीबंदर व चिंचबंदर येथील विहिरींत ओतले, म्हणजे लोकांना ते नेहमीसारखे पोहऱ्याने शेंदता आले.

‘जलदूत’च्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून आलेले सुमारे ५ लाख लिटर पाणीदेखील आधी स्टेशनजवळच्या मोठ्या विहिरीतच सोडले गेले होते. मुंबईला मात्र १८६० मध्ये मिठी नदीवर विहार तलाव पूर्ण झाल्यावर नळाचे पाणी मिळाले.