खुलासा: क्रिटिकल पेअर जुळल्या म्हणजे झालं का?

ग्राफ ट्रान्सफॉर्मेशन (ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांची आकृती, म्हणजे ग्राफ, नियमांनी बदलत नेणं) शिकताना हे हमखास कानावर पडतं: “सगळ्या क्रिटिकल पेअर पुन्हा एकाच ग्राफवर आल्या, की नियम स्थानिक कन्फ्लुएंट.” क्रिटिकल पेअर म्हणजे दोन नियम एकमेकांच्या आड येतात अशा सर्वांत लहान ग्राफपासून निघणारे दोन निकाल; स्थानिक कन्फ्लुएंट म्हणजे एका पायरीत फुटलेल्या दोन वाटा पुन्हा एकत्र येऊ शकतात. टर्म रीरायटिंगमध्ये (ग्राफऐवजी सूत्रं नियमांनी बदलत नेण्यात) हे खरंच आहे, त्यामुळे विश्वास बसणं स्वाभाविक. ग्राफमध्ये मात्र तेवढं पुरत नाही.

कागदावर करून पाहा. नोड (ठिपका) १ कडून नोड २ कडे ‘क’ एज (रेष). पहिला नियम ती एज काढून नोड १ वर ‘अ’ लूप (त्याच नोडकडे परतणारी एज) लावतो, दुसरा नोड २ वर. दोन्ही निकाल आकाराने सारखे, म्हणजे पेअर जुळली. आता सुरुवातीलाच नोड १ वर ‘ब’ लूप ठेवा. एका वाटेने अ आणि ब एकाच नोडवर, दुसरीने वेगवेगळ्या नोडवर; आणि ‘क’ संपल्यामुळे पुढे कुठलाच नियम लागत नाही. वाटा कायमच्या फुटल्या!

म्हणून दोन्ही पायऱ्यांनी राखलेला प्रत्येक नोड दोन्ही वाटांनी शेवटपर्यंत टिकतो का, आणि अंतिम ग्राफमध्ये त्याच जागी पोचतो का, हे पाहायचं. याला स्ट्रिक्ट जुळणी म्हणतात. मला हा या विषयातला सर्वांत मोलाचा बारकावा वाटतो. टाइप आणि ॲट्रिब्यूट (नोड-एजचे प्रकार आणि त्यांना जोडलेली मूल्यं) आले तरी ही अट सुटत नाही. ती पाळूनही हाती येतो तो स्थानिक कन्फ्लुएन्स. पूर्ण कन्फ्लुएन्ससाठी (कितीही पायऱ्या दूर गेलेल्या वाटा पुन्हा जुळण्यासाठी) नियमांची साखळी नेहमी थांबते, हेही दाखवावं लागतं.