गालाची लाली आणि झोपी गेलेली सेक्रेटरी

मे महिन्यात परभणीला मामेभावाच्या घरी लग्न होतं. बाहेर ४२ अंश, मांडवातले पंखे गरम वारा फेकत होते. हळदीच्या दिवशी सकाळी वहिनींनी आतल्या खोलीतून हाक मारली. "भाऊजी, इकडं या बरं. हे काय होऊन बसलं बघा." त्यांचं कपाळ, नाक आणि हनुवटी पांढरीफटक पडली होती, पिठाचा हात फिरल्यासारखी. कानाजवळच्या दोन पट्ट्या तेवढ्या लालसर. संध्याकाळी सगळं उलटं झालं. गाल आधीपेक्षा लाल आणि आग आग.

मावशींचं निदान तयारच होतं. "रक्त तापलंय, सब्जा प्या." दुसऱ्या एकीने मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. मीठ-मोहऱ्यांनी निदान कातडी तरी भाजत नाही. लिंबू-हळदीचा लेप घेऊन जी तिसरी आली, तिला मात्र मी दारातच अडवलं.

वहिनींना रोझेशिया आहे, चेहऱ्याच्या कातडीचा आजार. ऊन, चुलीची धग, गरम चहा, ठेचा यांनी चेहरा तापतो आणि पुढे पुढे लाली मुक्कामालाच राहते. गव्हाळ, सावळ्या रंगावर ती चटकन ओळखू येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं 'पित्त' किंवा 'मुरुम' म्हणून खपते. स्किनच्या डॉक्टरांनी त्यांना लाली उतरवणारं ब्रिमोनिडीनचं ०.३३ टक्क्यांचं जेल लिहून दिलं होतं. वहिनींनी लग्नघाईत ते टूथपेस्टसारखं पिळलं, तेही सकाळी दोनदा.

मी औषधशास्त्र शिकवतो आणि या रेणूवर माझा जीव आहे, तेव्हा थोडं सोसा.

कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती स्नायूंचं कडं असतं. कडं सैल पडलं की रक्त जास्त येतं आणि गाल लाल होतो. त्या स्नायूपेशींवर आल्फा-२ नावाचे ग्राही, म्हणजे रासायनिक निरोप पकडणाऱ्या जागा असतात. ब्रिमोनिडीन त्यांना चिकटलं की पेशीतलं सायक्लिक एएमपी नावाचं रसायन घटतं. हे सायक्लिक एएमपी स्नायूला सैल ठेवणाऱ्या यंत्रणेचं वंगण आहे. ते कमी झालं की स्नायू आवळतो, वाहिनी अरुंद होते, लाली ओसरते; जेल जास्त झालं की वहिनींसारखी कातडी पांढरीच पडते, आणि असर उतरताना काहींची लाली आधीपेक्षा जोरात परतते. अर्ध्या तासात सुरुवात, तीन ते सहा तासांत जोर, बारा तासांच्या आसपास उतार. म्हणजे हा आजारावरचा इलाज नव्हे, दिवसभराची सोय आहे. कायमच्या फुगलेल्या, जाळीसारख्या दिसणाऱ्या वाहिन्यांना असं कडं धड उरलेलं नसतं, म्हणून त्या या औषधाला दाद देत नाहीत. उलट भोवतालची लाली गेल्यावर त्या जास्तच उठून दिसतात.

खरी गंमत पुढे आहे. हाच आल्फा-२ ग्राही मज्जातंतूच्या टोकावरही असतो आणि मेंदूच्या बुडाशीही. तिथे त्याचं काम नेमकं उलटं. मज्जातंतूतून नॉरअ‍ॅड्रिनलिन, म्हणजे शरीराला धावपळीला लावणारं रसायन, बाहेर पडलं की ते या ग्राहीला लागून 'पुरे, आता आणखी नको' असा निरोप परत देतं. मेंदूत हाच निरोप गेला की शरीराची सगळी धावपळच मंदावते. नाडी हळू, रक्तदाब खाली, डोळ्यांवर झापड. जायकवाडीचा कालवा डोळ्यांसमोर आणा. शेतातली चारी बंद करायला आणलेली किल्ली धरणावरच्या दारालाही लागते, तसं हे. चारी बंद केली तर एक वाफा कोरडा राहतो. वरचं दार बंद झालं तर सगळा पट्टा.

हे कळलं ते अपघातानेच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला एका जर्मन औषध कंपनीत चोंदलेलं नाक मोकळं करायला वाहिन्या आवळणारं औषध शोधत होते. तिथल्या एका सेक्रेटरीला सर्दी झाली होती. तिच्या नाकात नव्या रेणूचे थेंब टाकले. बाई चोवीस तास झोपल्या, नाडी मंद आणि रक्तदाब घसरलेला. तो रेणू क्लोनिडीन. नाकासाठी निघालेलं औषध १९६६ पासून रक्तदाबाच्या कामी आलं. ब्रिमोनिडीन त्याच्याच भावकीतलं. ते आधी काचबिंदूचे थेंब म्हणून आलं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेत चेहऱ्याच्या लालीसाठी जेल म्हणून मंजूर झालं.

म्हणूनच जेल कातडीवर राहणं महत्त्वाचं, रक्तात उतरणं नव्हे. धडधाकट कातडी चांगला बांध आहे. उन्हाने सोललेली, खरचटलेली, लेझर करून आलेली कातडी म्हणजे फुटलेला बांध. तसल्या चेहऱ्यावर लावल्यावर नाडी मंदावल्याच्या, चक्कर आल्याच्या नोंदी आहेत. लेप घेऊन आलेल्या बाईंना दारात अडवलं ते यासाठीच. लिंबाने कातडी चरचरली असती आणि वहिनींनी त्यावर परत जेल चोपडलं असतं.

लावायची रीत साधी आहे. दिवसातून एकदाच, धुऊन कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर. कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल अशा पाच जागी लहान वाटाण्याएवढा एकेक थेंब, पातळ पसरून. सगळं मिळून दिवसाला एक ग्रॅमच्या वर नाही. पहिला आठवडाभर त्याहूनही कमी, कारण काहींची लाली उतरायच्या ऐवजी भडकते, आणि ती कोणाची भडकेल हे आधी सांगता येत नाही. डोळे, ओठ आणि नाकपुडीच्या आत लावायचं नाही. लावून झालं की लगेच हात धुवायचे. पावडर, सनस्क्रीन जेल वाळल्यावर. बीपीच्या, हृदयाच्या, नैराश्याच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगावं. चेहरा भडकला, चक्कर आली तर जेल बंद करून त्यांनाच दाखवावं.

मेडिकलवर मागाल ती 'गोरं करणारी' ट्यूब हा याचा पर्याय नाही. तिच्यात बहुधा स्टिरॉइड असतं, आणि ते महिनोन्‌महिने लावलं की रोझेशियासारखीच लाली नव्याने उगवते. २०१८ मध्ये बरीचशी स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली. आमच्याकडच्या काउंटरांना ती बातमी अजून पोचायची आहे.

वहिनींना मी विचारलं, "ट्यूब ठेवता कुठं?" त्यांनी आरशाखालच्या फळीकडे बोट दाखवलं. त्यांचा दीड वर्षाचा नातू तिथंच फळीला धरून उभा राहायला शिकत होता. या जेलच्या चाचण्या चालू असताना एका सहभागी व्यक्तीच्या दोन लहान मुलांनी ते चाटलं होतं. मुलं सुस्तावली, नाडी मंदावली, श्वास अडखळू लागला, श्वासासाठी नळी घालावी लागली. रात्रभर दवाखान्यात राहून दुसऱ्या दिवशी ती बरी होऊन घरी आली.

एवढं ऐकून वहिनी उठल्या, टोपण घट्ट फिरवलं आणि ट्यूब गोदरेजच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवून किल्ली कमरेला खोचली.