‘ई’ची कॅप्सूल चालू केली म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी बंद करू नका

संध्याकाळी सात ते नऊ आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पाय ठेवायला जागा नसते, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी विचारतं, “कोलेस्टेरॉलची गोळी सोडली, आता अँटिऑक्सिडंटचं काहीतरी चांगलं द्या.” गर्दीत नीट सांगता येत नाही, मागचे खोळंबतात. म्हणून हा कागद.

अँटिऑक्सिडंट, म्हणजे व्हिटॅमिन ‘ई’सारखे बिघाड रोखणारे पदार्थ, हृदयाला वाचवतात असं तुम्ही ऐकलंय. ते सगळंच खोटं नाही. रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, धमनीच्या अस्तरात शिरतं आणि तिथे, डब्याच्या तळाशी राहिलेलं तेल खवट व्हावं, तसं बिघडतं. ते उचलायला पांढऱ्या पेशी येतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथेच बसतात. त्यातूनच चरबीचा थर वाढत जातो. हा बिघाड रोखायला शरीराचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट बंदोबस्त असतो: सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज. नावं अवघड आहेत, पण हे सगळं शरीर फुकट बनवतं. सिगारेट आणि हाताबाहेर गेलेली शुगर यांच्यापुढे मात्र ते कमी पडतं.

मग बाहेरून भर घातली तर? तेही करून पाहिलंय. ब्रिटनमध्ये २०,५३६ जणांवर पाच वर्षं अभ्यास झाला, निकाल २००२ मध्ये आला. रोज व्हिटॅमिन ई ६०० मिलिग्रॅम, सी २५० आणि बीटा कॅरोटीन (यातून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं) २०. रक्तातली व्हिटॅमिन्स वाढली, हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. त्याच अभ्यासात सिमव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम ही कोलेस्टेरॉलची गोळी घेणाऱ्यांचे अटॅक आणि पक्षाघात साधारण पाव हिश्शाने घटले. (सिगारेट ओढणाऱ्यांनी बीटा कॅरोटीनच्या वाटेला जाऊच नये. फिनलंडमध्ये अशा लोकांत फुप्फुसाचा कॅन्सर उलट वाढलेला दिसला.)

सगळ्यात जास्त होणारी चूक ही: “रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून बंद केली.” अहो, नॉर्मल आला तो गोळीमुळेच! सोडली की काही आठवड्यांत एलडीएल पुन्हा वर. मग पुन्हा तपासणी, पुन्हा डॉक्टर, आणि उरलेलं कापलेलं पाकीट परत घ्यायला आमच्याकडे. ते आम्ही घेत नाही. घरी उन्हात होतं की गॅसच्या ओट्यावर, आम्हाला काय कळणार? राग येतो, माहीत आहे. पण तेच पाकीट उद्या तुम्हाला दिलं तर चालेल का?

गोळीने अंग, मांड्या दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ‘ई’ची कॅप्सूल विचारल्याशिवाय घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर आम्ही देतोच. चेहऱ्याला लावायला टाचणीने टोचून वापरता, त्यालाही आमची हरकत नाही. त्या विक्रीत आम्हालाही चार पैसे सुटतात. तरीही काउंटरवर ‘नको’ म्हणतो, ते याचसाठी.

महिन्याच्या गोळ्यांचं कार्ड आमच्याकडे करून घ्या. संपायच्या चार दिवस आधी फोन येईल, औषधं घरपोच मिळतील. आणि येताना चिठ्ठी किंवा रिकामं पाकीट आणा. ‘ती छोटी पांढरी’ एवढ्यावरून गोळी शोधायला आमचं अख्खं कपाट उपसावं लागतं.