बाळंतिणीचा ताप आणि ‘गुणी’ बाळ

मे महिन्यात नागपुरात पारा 45 अंशांवर जातो. तेव्हा बाळाचं अंग तापलं की घरात कोणीतरी म्हणतंच, ‘ऊनच तसं आहे.’ बाळंतिणीला ताप आला, तर ‘दूध भरलं असेल.’ कधी ते खरंही असतं. पण सेप्सिस असेल, तर अशा समजुतीत गेलेला एकेक तास महागात पडतो.

जंतुसंसर्ग झाला की शरीर प्रतिकार करतं. सेप्सिसमध्ये हा प्रतिकारच बेताल होऊन आपल्याच अवयवांना इजा करतो. रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होऊ लागतात. गरोदरपणात, गर्भपातानंतर किंवा बाळंतपणानंतरच्या 42 दिवसांत हे केव्हाही होऊ शकतं. हुडहुडी भरून ताप, ओटीपोटात वाढत जाणारं दुखणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, धाप, लघवी कमी होणं, असंबद्ध बोलणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

नवजात बाळाचं दुखणं ओळखणं आणखी अवघड. त्याला ताप येईलच असं नाही. अंग गारही पडतं. ते अंगावर पीत नाही, रडत नाही, आणि घरचे कौतुकानं म्हणतात, ‘किती गुणी आहे!’ मला सगळ्यात जास्त भीती याच बाळाची वाटते. ते शांत असताना झबलं वर करा आणि घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. नवजात बाळाचा श्वास एकसारखा नसतो, म्हणून अर्ध्या मिनिटाची दुप्पट चालत नाही. श्वास 60 किंवा त्याहून जास्त भरले तर पुन्हा मोजा; आकडा तेवढाच आला, किंवा छाती आत ओढली जात असेल, तर दवाखान्यात निघा. काखेतलं तापमान 37.5 अंश सेल्सिअस किंवा जास्त, अथवा 35.5 पेक्षा कमी असेल तरीही.

नागपूरच्या ‘मेडिकल’मध्ये, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात, शिकलेल्या डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच बायकांना हे मोजणं आणि उपचार शिकवले. तिथं नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. आज आशाताई घरी येऊन बाळ तपासतात, त्यामागे हेच काम आहे.

बाळंतिणींसाठीच्या एका मोठ्या अभ्यासात नागपूरही होतं. सात देशांतल्या 29 हजारांहून अधिक महिलांचा हा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. नॉर्मल प्रसूतीच्या कळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचा एकच डोस दिलेल्यांत सेप्सिस किंवा मृत्यूचं प्रमाण 1.6 टक्के होतं, इतरांत 2.4. बाळांना मात्र फायदा दिसला नाही. हा डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. घरी घ्यायची गोळी नव्हे.

108 ला फोन करा. डागा, मेयो, मेडिकल, नागपूरच्या कुठल्याही सरकारी रुग्णालयात पोचलात तरी नुसतं ‘ताप आहे’ म्हणू नका. बाळंतपण किती दिवसांपूर्वी झालं ते आधी सांगा, नाहीतर साध्या तापाच्या रांगेत वेळ जाईल.